क्वीअरबेटिंग म्हणजे काय? फॅन्स एवढे का चिडतात, आणि त्यात तुमच्या क्लिकचा काय संबंध?

समजा, एखाद्या इंग्लिश सिरीजचं रील तुम्ही बघताय. दोन हिरो एकमेकांकडे जरा जास्तच वेळ बघतात, मागे हळुवार गाणं लावलेलं आहे. खाली कमेंट्समध्ये मात्र जोरदार भांडण. एक जण म्हणतो, "हे दोघं कपल आहेत, लहान पोरालाही कळेल." दुसरा म्हणतो, "फक्त मित्र आहेत रे, तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं." आणि तिसरी एका शब्दात विषय संपवते: "क्वीअरबेटिंग!"

हा शब्द आता सर्रास फेकला जातो. सिरीजवर, गायकांवर, अगदी अठरा वर्षांच्या नटावरसुद्धा. पण त्याचा नेमका अर्थ काय? तो आला कुठून? आणि तो कुणावर लावायचा, कुणावर नाही? चला, नीट समजून घेऊया.

आधी शब्दाची फोड

'क्वीअर' हा एकत्रित शब्द आहे. गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्स, म्हणजे ज्यांचं प्रेम किंवा स्वतःची ओळख समाजाच्या ठरावीक स्त्री-पुरुष चौकटीत बसत नाही, असे सगळे त्यात येतात. 'बेट' म्हणजे गळाला लावलेलं आमिष.

दोन्ही जोडले की अर्थ असा होतो: एखादा शो दोन पात्रांमध्ये प्रेम असल्याचे इशारे देत राहतो. क्वीअर प्रेक्षक त्या आशेवर एकामागून एक सीझन बघत राहतात. शो मात्र ते प्रेम उघडपणे कधीच दाखवत नाही. थोडक्यात, गाजर दाखवायचं पण द्यायचं नाही.

इथे तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते, म्हणून त्या वेगळ्या करून घेऊ.

१. क्वीअरकोडिंग. हॉलिवूडमध्ये १९३४ ते १९६८ या काळात 'हेज कोड' नावाची नियमावली होती. पडद्यावर समलैंगिक संबंध दाखवायला मनाई. मग लेखक कपडे, बोलण्याची ढब, एखादा कटाक्ष यातून इशारा करायचे. तेव्हा इशारा हा एकमेव मार्ग होता. त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही.

२. शिपिंग. हे फॅन्सचं काम. दोन पात्रांची जोडी मनात जुळवायची आणि त्यावर गोष्टी लिहायच्या, चित्रं काढायची, एडिट्स बनवायची. शोच्या निर्मात्यांनी असं काही ठरवलेलं असेलच असं नाही, आणि त्यात काही चूकही नाही.

३. क्वीअरबेटिंग. आज दाखवायला मनाई नाही. तरीही शो इशाऱ्यांवरच भागवतो आणि त्या इशाऱ्यांचा वापर प्रेक्षक धरून ठेवायला करतो. आरोप आहे तो या वापराचा.

एका तिरक्या रेघेची गोष्ट

शिपिंग इंटरनेटच्या आधीपासून आहे. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ मध्ये चालली. सत्तरच्या दशकात तिच्या चाहत्यांनी, त्यात बऱ्याच बायका होत्या, कर्क आणि स्पॉक या दोन पुरुष पात्रांच्या प्रेमकथा लिहिल्या आणि घरगुती छापील अंकांमधून वाटल्या. दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ टाकायची, म्हणून या प्रकाराला 'स्लॅश' हे नाव पडलं.

ती रेघ आजही जिवंत आहे. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅन-कथांच्या मोठ्या साइटवर दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेमकथा, आणि अँड-चं चिन्ह असेल तर मैत्रीची कथा. ही साइट २००९ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. तिचा कोड ओपन सोर्स आहे, ती देणग्यांवर चालते आणि टॅग्ज नीट लावायचं काम स्वयंसेवक करतात. तिथे जाहिराती नाहीत. म्हणजे तुम्ही तिथे तासभर जास्त थांबलात म्हणून कुणाला जाहिरातीचे पैसे मिळत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इशाऱ्याची किंमत कधी ठरली?

२०१२ मध्ये एमटीव्हीच्या 'टीन वुल्फ' या मालिकेसाठी एक छोटा व्हिडिओ आला. मालिकेतले दोन नट, डिलन ओब्रायन आणि टायलर हेकलिन, एका जहाजावर एकमेकांना बिलगून बसलेत आणि 'टीन चॉइस अवॉर्ड्स'साठी मतं द्या असं सांगतायत. इंग्लिशमध्ये 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शिप' म्हणजे फॅन्सची जोडीही. त्यांच्या पात्रांची, स्टाइल्स आणि डेरेकची जोडी फॅन्समध्ये तुफान लोकप्रिय होती. हा विनोद सरळ त्या फॅन्ससाठी होता.

मालिकेत मात्र ही जोडी कधी झालीच नाही.

आता गंमत बघा. 'टीन वुल्फ'मध्ये डॅनी नावाचं उघडपणे गे असलेलं पात्र सुरुवातीपासून होतं. म्हणजे मालिका क्वीअर माणसं दाखवतच नव्हती असं नाही. म्हणून काही फॅन्स म्हणाले, एक जोडी जुळली नाही म्हणून एवढा गळा काढायचं कारण काय? त्यावर बाकीच्यांचं उत्तर होतं, की मतं मागताना आमची जोडी चालते, मग कथेत का चालत नाही? माझ्या मते दुसऱ्यांचा प्रश्न जास्त नेमका आहे. कारण लेखकाच्या मनात काय होतं हे आपल्याला कधीच कळणार नाही, पण जाहिरातीत काय वापरलं ते सगळ्यांसमोर असतं.

आणि याच काळात आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकेत टीव्हीचं रेटिंग मोजणाऱ्या नील्सन कंपनीने २०१३ मध्ये 'नील्सन ट्विटर टीव्ही रेटिंग्ज' सुरू केलं. एखाद्या एपिसोडबद्दल किती ट्वीट्स झाली आणि ती किती लोकांपर्यंत पोचली, याचं मोजमाप. २०१६ मध्ये त्याचं नाव बदललं आणि त्यात फेसबुकही आलं.

म्हणजे फॅन्सची बडबड आता अधिकृत आकडा झाली. आणि या आकड्याला भांडण आणि कौतुक यातला फरक कळत नाही. "हे दोघं कपल आहेत" हे एक ट्वीट. "अजिबात नाहीत" हे दुसरं ट्वीट. एकूण दोन. स्पष्ट उत्तर दिलं की वाद संपतो. इशारा दिला की वाद चालू राहतो, आणि दोन्ही बाजूंचे लोक मोजले जातात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तिथेही हेच दिसतं: रागाने केलेला क्लिक आणि आवडीने केलेला क्लिक बहुतेक वेळा एकाच रकान्यात जमा होतो.

लेक्साचा मृत्यू: ३ मार्च २०१६

या सगळ्या वादातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेतल्या सीडब्ल्यू चॅनेलच्या 'द हंड्रेड' या मालिकेचं आहे. अणुयुद्धानंतरची पृथ्वी, जगण्यासाठी झगडणारी तरुण मुलं, अशी ही सायन्स फिक्शन कथा. नायिका क्लार्क बायसेक्शुअल. दुसऱ्या सीझनमध्ये आलेली लेक्सा ही टोळ्यांची सेनापती, लेस्बियन. फॅन्सनी दोघींची नावं जोडून 'क्लेक्सा' केलं. इथे इशारे नव्हते. दोघींमधलं प्रेम पडद्यावर स्पष्ट होतं, म्हणूनच अनेक तरुण मुलींना ही मालिका आपली वाटली.

तिसऱ्या सीझनचा सातवा एपिसोड ३ मार्च २०१६ ला आला. दोघी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने एकत्र येतात. आणि त्यानंतर काही मिनिटांतच क्लार्कवर झाडलेली गोळी चुकून लेक्साला लागते. लेक्सा मरते.

एक पात्र मेलं म्हणून एवढा गोंधळ का? त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं, हे नवीन नव्हतं. २००२ मध्ये 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'मध्ये टारा हे लेस्बियन पात्र असंच मेलं होतं. प्रेयसीशी पुन्हा जुळल्यावर लगेच, आणि दुसऱ्यावर झाडलेल्या गोळीने. क्वीअर पात्रांना सुखाचे दोन क्षण द्यायचे आणि मारून टाकायचं, या सवयीला इंग्लिशमध्ये नावच आहे: 'बरी युअर गेज', म्हणजे 'गे पात्रांना पुरून टाका'. ग्लाड या अमेरिकन संस्थेने त्याच वर्षीच्या अहवालात नोंदवलं, की २०१६ च्या सुरुवातीपासून टीव्ही आणि स्ट्रीमिंगवरची २५ हून जास्त लेस्बियन आणि बायसेक्शुअल स्त्री पात्रं मेली होती.

दुसरं कारण आपल्या विषयाचं आहे. एपिसोड येण्याआधी मालिकेची टीम सोशल मीडियावर याच फॅन्सशी जवळीक ठेवून होती. जानेवारीत मालिकेचे प्रमुख जेसन रोथेनबर्ग यांनी व्हँकूव्हरमध्ये शेवटच्या एपिसोडचं शूटिंग बघायला फॅन्सना बोलावलं. तिथे लेक्साची भूमिका करणारी नटी हजर होती. फॅन्सनी साहजिकच अर्थ काढला, की शेवटच्या भागात लेक्सा आहे म्हणजे ती जिवंत आहे. प्रत्यक्षात तिचा मृत्यू तोवर लिहून आणि शूट होऊन गेला होता. शेवटच्या भागात ती दिसते, पण एका आभासी जगात.

आता हे क्वीअरबेटिंग होतं का? व्याख्येला धरून बोलायचं तर कथेत नव्हतं, कारण प्रेम दाखवलं होतं. पण प्रमोशनमध्ये होतं, असं म्हणायला जागा आहे. फॅन्सना ठाऊक नसलेली गोष्ट टीमला ठाऊक होती, आणि तरी आशा वाढू दिली गेली. नटीला दुसऱ्या मालिकेत काम मिळालेलं होतं, त्यामुळे पात्र जाणार हे समजण्यासारखं आहे. चिडण्याचं कारण मृत्यूपेक्षा त्याआधीची ही वागणूक होती.

२४ मार्चला रोथेनबर्ग यांनी एक लांब पोस्ट लिहून माफी मागितली. पुन्हा संधी मिळाली तर काही गोष्टी वेगळ्या करेन, असं त्यांनी म्हटलं.

रागाचं पुढे काय झालं?

इथे फॅन्सनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. नुसत्या शिव्या देण्याऐवजी त्यांनी मालिकेच्या नावाचा हॅशटॅग बाजूला ठेवून स्वतःचं वाक्य जगभर ट्रेंड केलं: 'एलजीबीटी फॅन्स डिझर्व्ह बेटर', म्हणजे आम्ही यापेक्षा चांगल्या वागणुकीला पात्र आहोत. क्वीअर तरुणांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या 'द ट्रेव्हर प्रोजेक्ट' या संस्थेसाठी वर्गणी गोळा केली आणि ती एक लाख डॉलरच्या वर गेली. 'सेव्हिंग होप' या कॅनेडियन मालिकेच्या टीममधल्या लोकांनी 'लेक्सा प्लेज' नावाची प्रतिज्ञा मांडली. तिच्यातल्या कलमांमध्ये हेही होतं, की सोशल मीडियावरून फॅन्सना आमिष दाखवणार नाही किंवा दिशाभूल करणार नाही. आणि मार्च २०१७ मध्ये लास व्हेगासला 'क्लेक्साकॉन' नावाचं संमेलन भरलं.

राग नेमका कुणावर आहे हे ठाऊक असलं की त्यातून काहीतरी उभं राहतं.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे 'सुपरनॅचरल'. २००५ ते २०२०, पंधरा सीझन. कॅस्टिएल नावाचा देवदूत २००८ मध्ये आला आणि डीनबरोबरची त्याची जोडी 'डेस्टिएल' नावाने गाजली. ५ नोव्हेंबर २०२० च्या एपिसोडमध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, कॅस्टिएल डीनला प्रेम असल्याचं सांगतो, आणि लगेच एक अंधारी शक्ती त्याला गिळून टाकते. तेव्हा अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी चालू होती, तरी हा विषय ट्रेंडमध्ये होता. काहींच्या मते हा विजय होता, काहींच्या मते बारा वर्षांचं गाजर देऊन वर थट्टा. पुढे स्पॅनिश डबिंगमध्ये डीन उत्तरादाखल "माझंही तुझ्यावर" असं म्हणतो हे समोर आलं, आणि मीम्सचा दुसरा पूर आला.

अशा अनुभवांचा परिणाम काय होतो? अविश्वास. २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सवर 'अवर फ्लॅग मीन्स डेथ' ही समुद्री चाच्यांची कॉमेडी आली. दोन पुरुष कॅप्टन हळूहळू प्रेमात पडताना दिसत होते. तरी अनेक प्रेक्षकांनी मनाला बजावून ठेवलं होतं, की आशा नको, शेवटी हे मित्रच निघतील. नवव्या एपिसोडमध्ये त्यांनी खरंच एकमेकांचं चुंबन घेतलं तेव्हा लोकांना धक्का बसला. समोर दिसणारी प्रेमकथा ओळखायलाही भीती वाटावी, हे या सगळ्या इशाऱ्यांचं खरं नुकसान.

अल्गोरिदम आमिष दाखवू शकतो का?

आता फोनकडे येऊ. डिसेंबर २०१७ मध्ये नेटफ्लिक्सच्या इंजिनीअर्सनी एक तांत्रिक लेख प्रसिद्ध केला. एकाच सिनेमाचं पोस्टर प्रत्येकाला वेगळं कसं दाखवलं जातं, ते त्यात सांगितलं होतं. त्यांचं उदाहरण होतं 'गुड विल हंटिंग'. तुम्ही रोमँटिक सिनेमे बघत असाल तर नायक-नायिकेचं चित्र, कॉमेडी बघत असाल तर रॉबिन विल्यम्सचं.

वर्षभराने, ऑक्टोबर २०१८ मध्ये, काही कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी तक्रार केली. पोस्टरवर कृष्णवर्णीय नट बघून सिनेमा लावला, आत तो नट जेमतेम काही मिनिटं. नेटफ्लिक्सचं म्हणणं होतं, की आम्ही वंश विचारतच नाही, चित्रं फक्त तुम्ही आधी काय बघितलंय त्यावरून ठरतात.

तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. सिस्टिमला एवढंच शिकवलेलं असतं, की कोणत्या चित्रावर हा माणूस क्लिक करतो. 'आमिष' हा शब्द कोडमध्ये कुठेच नसतो. पण परिणाम आमिषासारखाच होऊ शकतो. हीच पद्धत क्वीअर कथा बघणाऱ्याच्या बाबतीतही लागू पडते: दोन मुलींचा एकच शॉट असलेला सिनेमा, आणि पोस्टरवर नेमका तोच शॉट. कुणी ठरवून केलेलं नसेल, तरी फसल्यासारखं वाटणारच. उपाय साधा आहे. पोस्टरवर जाऊ नका, वर्णन वाचा, आणि आवडलं नाही तर 'नापसंत'चं बटण वापरा. तोही सिग्नल असतो.

आणि मग हा शब्द माणसांवर उलटला

'हार्टस्टॉपर' ही ब्रिटिश सिरीज एप्रिल २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. शाळेतल्या दोन मुलांची प्रेमकथा. कोणताही आडपडदा नाही. म्हणजे क्वीअरबेटिंगच्या अगदी विरुद्ध. त्यातला निक हा बायसेक्शुअल मुलगा किट कॉनर या नटाने रंगवला.

काही महिन्यांनी तो एका मुलीचा हात धरून चालताना दिसला आणि सोशल मीडियावर खटला सुरू झाला. हा स्वतः स्ट्रेट आहे आणि क्वीअर भूमिकेचा फायदा घेतोय, हा क्वीअरबेटिंग करतोय! ३१ ऑक्टोबर २०२२ ला त्याने ट्विटरवर लिहिलं, की मी बाय आहे, आणि अठरा वर्षांच्या मुलाला हे सांगायला भाग पाडल्याबद्दल अभिनंदन. या सिरीजचा मुद्दाच काहींना कळलेला नाही, असंही तो म्हणाला.

ज्या सिरीजमध्ये 'प्रत्येकाला आपल्या वेळेने सांगू द्या' हे दाखवलं, तिच्याच फॅन्सनी तिच्याच नटाला ती वेळ दिली नाही.

नीट बघा, इथे चूक कुठे झाली. शो ही बनवलेली वस्तू आहे. तिचं बजेट असतं, मार्केटिंग टीम असते, तिला हिशोब विचारता येतो. माणूस ही कुणी बनवलेली कथा नाही. एखाद्याने काय सांगावं, कधी सांगावं, की कधीच सांगू नये, हा त्याचा हक्क. वर्षानुवर्षं फ्रेम थांबवून पुरावे शोधायची सवय लागली की तीच सवय माणसांवरही चालवली जाते.

आपल्याकडे हे का महत्त्वाचं?

या सिरीज आपण इथे बसून बघतो, आणि कमेंटही इथूनच करतो. भारतात ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ बाबत निकाल दिला आणि प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ च्या खासगीपणाच्या हक्काच्या निकालात, लैंगिक कल हा खासगीपणाचा भाग आहे असंही न्यायालयाने म्हटलं होतं.

आपल्याकडच्या पडद्यावर बराच काळ हा विषय गंमतीपुरता होता. 'कल हो ना हो' मधली कांताबेन दोन मित्रांना बघून दचकते तो प्रकार आठवा, किंवा 'दोस्ताना' मधलं खोटं कपल. पण मराठीत सरळ बोलणारेही होते. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ चं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ ची, त्यावरचा हिंदी चित्रपट २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. म्हणजे इशाऱ्यावर न थांबता गोष्ट सांगता येते, हे मराठी वाचकाला नवीन नाही.

आणि किट कॉनरसारखं आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर घडलं तर? तो निदान प्रसिद्ध होता, त्याच्या बाजूने बोलणारे हजारो होते. गावात किंवा वसतिगृहात एखाद्याच्या स्टोरीवरून "हा तसाच आहे" असा स्क्रीनशॉट फिरला, तर त्याचं घर, शिक्षण, राहणं, सगळं पणाला लागू शकतं. आणि फॉरवर्ड झालेला स्क्रीनशॉट परत घेता येत नाही.

कमेंट टाकण्याआधी हे तपासा

- आरोप कुणावर आहे? शो, चॅनेल, प्रमोशन यांच्यावर असेल तर बोला. खऱ्या माणसाच्या खासगी आयुष्यावर असेल तर थांबा.
- निर्मात्यांनी आधी काय सांगितलंय? बीबीसीच्या 'शेरलॉक'चे निर्माते शेरलॉक आणि जॉन कपल नाहीत असं पुन्हा पुन्हा सांगत होते. त्याच वेळी दोघांना कपल समजण्यावरचे विनोदही मालिकेत चालू होते. विनोदांवर टीका करा, पण नकार दिला होता हेही मान्य करा.
- प्रमोशनमध्ये जोडी वापरली का? ट्रेलर, पोस्टर, अधिकृत अकाउंटच्या पोस्ट्स बघा. सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच सापडतो.
- सिरीज अजून चालू आहे का? हळू उलगडणारी प्रेमकथा आणि आमिष यातला फरक कधी कधी शेवटीच कळतो.
- तुमचा राग कुणाच्या आकड्यात जमा होतोय? अधिकृत पोस्टखाली शंभर कमेंट्स केल्या तर ती पोस्ट आणखी वर जाते. त्यापेक्षा ज्या सिरीजने सरळ गोष्ट सांगितली ती पूर्ण बघा, मित्राला सुचवा.

शेवटचा मुद्दा छोटा वाटेल, पण डॅशबोर्डवर तोच दिसतो. आमिष तोपर्यंतच लावलं जातं, जोपर्यंत त्याने मासे मिळतात.